दोन देहांचे महाराज

गुरुवारी दहाच्या ठोक्याला द्विदेहनाथ महाराज मांडवगण फराट्याच्या मंडपात पाटावर बसले, आणि त्याच ठोक्याला दौंडलाही बसले. मंडपातल्या पडद्यावर व्हिडिओ कॉल चालू होता. तीच दाढी, तेच नाक, गालाला तीच खळी. लोकांचे हात आपोआप जोडले गेले.

"देह दोन, आत्मा एक," महाराज म्हणाले. "इथला आशीर्वाद तिथं पोचतो. रिचार्ज लागत न्हाई."

आशीर्वाद म्हणजे अष्टगंधात बुडवलेल्या उजव्या अंगठ्याचा कागदावर ठसा. तो उशाशी ठेवायचा आणि डॉक्टरची औषधं बंद करायची.

हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या सुषमाच्या सासूबाईंनी, सोजराबाईंनी, शुगरच्या गोळ्या सोडून दिल्या. पंधरा दिवसांत पायाला झालेली साधी जखम चिघळली. सुषमा घाबरली. पण भांडून गोळी पोटात जात नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं दौंडला राहणाऱ्या भावाकडून तिथला ठसा मागवला, दोन्ही कागद शाळेतल्या भिंगाखाली धरले आणि एकटीच हसत सुटली.

पुढच्या गुरुवारी तिनं भर मंडपात ते कागद आणि भिंग सरपंच बबनरावांच्या हातात दिलं.

"आबा, नीट बघा. दोन्ही ठसे महाराजांच्या उजव्या अंगठ्याचे. एक इथला, एक दौंडचा."

"ह्याच्यावर चक्र हाय," बबनराव पुटपुटले. "आन् ह्याच्यावर शंख."

"देह बदलला की रेषा बदलते," महाराज डोळे मिटून म्हणाले. "लीला हाय ही."

"असू दे. आत्मा तर एकच ना? मी तुमच्या कानात एक शब्द सांगते, तो दौंडच्या महाराजांनी सांगावा."

अख्खं गाव बघत होतं, नाही म्हणायची सोय नव्हती. सुषमा त्यांच्या कानात 'दोडका' म्हणाली. पडद्यावरच्या महाराजांनी डोळे मिटले, उघडले, कपाळ पुसलं आणि शेवटी केविलवाणा आवाज काढला, "दादा, काय सांगू?"

मंडपात खसखस पिकली. दादा चपला शोधायला उठले, तशी बबनरावांनी त्यांना खाली बसवलं आणि पोलिसांना फोन लावला.

"हे जुळे भाऊ आहेत," सुषमा म्हणाली. "आईच्या पोटात एकाच गर्भाचे दोन झाले, की दोघांची गुणसूत्रं सारखी. म्हणून चेहरे सारखे. पण बोटांवरच्या रेषा पोटातच, ज्याच्या त्याच्या हालचालीनं, ज्याच्या त्याच्या जागेत घडतात. त्या कुणाच्याच सारख्या नसतात."

घरी आल्यावर सोजराबाईंनी विचारलं, "दोघं बी सारखेच लबाड निघाले. लबाडी बी रक्तातूनच येती का गं?"

"न्हाई आत्या, ती शिकावी लागते," सुषमानं गोळी आणि पाणी पुढं केलं. "आणि शंका घ्यायलाही शिकावंच लागतं. ते कुठल्याही वयात जमतं."

सोजराबाईंनी गोळी उलटसुलट करून बघितली. "ही कशाची हाय, ते आधी सांग," त्या म्हणाल्या. सुषमानं सगळं सांगितलं, तेव्हाच त्यांनी ती घेतली.