झरोक्यावरची पट्टी

बांधकामावरची माणसं त्याला फुंक्या म्हणायची. काम तसंच होतं त्याचं. नवीन घराच्या दारात मोठा पंखा बसवायचा, आतली हवा बाहेर ओढायची आणि घर कुठून कुठून गळतंय ते यंत्रावर बघायचं. घर घट्ट निघालं की त्याला ऊर्जा बचतीचं प्रमाणपत्र, आणि बिल्डर ते जाहिरातीत मिरवायला मोकळा. फुंक्याला या कामाचा भारी अभिमान. कोणाकडे नुसता गप्पा मारायला गेला तरी खिडकीच्या फटीपाशी हात धरून नाक मुरडायचा.

त्याच्या ताईनं नवीन वसाहतीत घर घेतलं तेही त्याच्याच शब्दावर. नातेवाइकाचं घर तपासू नये असा नियम होता. पण ताईचं घर दुसऱ्याच्या हाती कोण देणार? त्यानं स्वतःच तपासलं. मुद्दाम ठेवलेले झरोके चाचणीपुरते चिकटपट्टीनं झाकतात आणि नंतर पट्टी काढतात. विसरायला नको म्हणून तो लाल पट्टी वापरायचा. त्या दिवशी नेमकी लाल संपली. बाथरूममधल्या गॅस गिझरला हवा मिळावी, विषारी वायू साठू नये म्हणून भिंतीत ठेवलेला झरोका त्यानं रंगाऱ्याकडची पांढरी पट्टी लावून झाकला. यंत्रावर आकडा इतका सुरेख आला की गडी हरखून गेला, आणि पट्टी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी रंगाऱ्यानं तिच्यावरूनही ब्रश फिरवला.

ताई राहायला गेली आणि आठवड्यातच तिचा फोन आला.

"अरे, अंघोळ करून आलं की डोकं जड होतं."

"नवीन रंगाचा वास आहे, जाईल."

दुसरा फोन भाऊजींबद्दल होता. "यांना गरगरतंय. खिडकी उघडी ठेवली तर चालेल का?"

"ताई, खिडकीच उघडायची तर हे घर घेतलंस कशाला? सगळी ऊब बाहेर जाते." शहाणपण शिकवायची हौस दांडगी होती त्याला.

तिसरा फोन मंगळवारी आला. पुन्हा तेच, डोकं आणि गरगरणं. त्यानं "बरं, बघतो" म्हणून फोन ठेवला आणि दुसऱ्याच एका घराच्या झरोक्याला लाल पट्टी लावायला हात उचलला. तो हात तसाच राहिला. ताईच्या बाथरूममधली ती पांढरी पट्टी त्याला आठवली.

एक फोन पुरला असता. गिझर लावू नका, एवढंच सांगायचं होतं. पण ताई कारण विचारणार, भाऊजींच्या तोंडात तीळ भिजत नाही, ते गावभर करणार, आणि ताईचं घर तपासल्याबद्दल परवाना जाणार. तीन आठवडे काही झालं नाही, आणखी चार दिवसांत काय आभाळ कोसळणार आहे? रविवारी सहज म्हणून जाऊ आणि गुपचूप काढून टाकू, असं त्यानं ठरवलं. लाज वाटावी असाच विचार होता, पण तेव्हा त्याला तो व्यवहारी वाटला.

शुक्रवारी सकाळी भाऊजी बाथरूममध्ये गेले ते बाहेर आलेच नाहीत.

पुढच्या आठवड्यात चौकशी अधिकारी आला. त्यानं चाकूनं भिंत खरवडली, रंगासकट पट्टी सोलून काढली आणि वहीत लिहिता लिहिता म्हणाला, "थंडी वाजते म्हणून घरातल्यांनीच बुजवलं असणार. लोकांना सांगून कळत नाही." शेजारी फुंक्या मान खाली घालून उभा होता. अधिकारी निघून गेला.

ताई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"यांनी बुजवलं म्हणे! साधा खिळा सरळ ठोकता यायचा नाही यांना." ती हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा वेडावाकडा झाला. "शुक्रवारी त्यांनी बाथरूमची खिडकी उघडली होती रे. मीच ओरडले, बंद करा म्हणून. ऊब जाते असं तू म्हणाला होतास ना. मीच मारलं त्यांना."

फुंक्याला ते ऐकवेना. गप्प राहायचं ठरवून आलेला माणूस, पण राहवलं नाही.

"तू नाही, ताई. ती पट्टी माझी. चाचणीला लावली होती, काढायची राहिली."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. आता हिनं थोबाडीत मारावी, असं त्याला मनापासून वाटलं.

"विसरलास?"

"विसरलो."

ती खाली फरशीवर बसली. मग तिनं त्याला हाताला धरून शेजारी बसवलं आणि त्याचं डोकं खांद्यावर ओढून घेतलं.

"लहानपणापासून विसरभोळाच तू," ती रडत म्हणाली. "त्या अधिकाऱ्याला उद्या सांगून ये. मी येते सोबत. मुद्दाम थोडंच केलंस? आठवलं असतं तर असशील तिथून धावत आला असतास, मला माहीत नाही का?" ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. "आला असतास ना रे?"

"आलो असतो, ताई," फुंक्या म्हणाला.