सात राजे, एकही संडास नाही

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाची आठवण लोकांना लिफ्ट बंद पडली की येते आणि सुरू झाली की जाते. बावीस वर्षं मी शहरभरच्या गच्च्यांवर, मशीनच्या खोल्यांत वावरतोय, पण कुणी ‘या, बसा’ म्हटल्याचं आठवत नाही. त्यामुळे सार्वजनिक वाचनालयाची लिफ्ट सुरू करून मी खाली आलो आणि फलकावर ‘एकतीस दिवसांत एक जग’ अशी सूचना दिसली, तेव्हा मला वाटलं, ही माझ्यासाठीच लावलीय.

प्रकार सोपा होता. वाचनालय रोज सकाळी एक प्रश्न पाठवणार. तुमच्या जगात राज्य कोण करतं? पाणी कुठून येतं? लोक कशाला घाबरतात? आपण मनाने रचलेल्या जगाबद्दल पानभर उत्तर लिहायचं आणि वाचनालयाच्या संकेतस्थळावर टाकायचं. एकतिसाव्या दिवशी जग तयार. दिवसाला एकच प्रश्न, म्हणजे ब्रह्मदेवालाही एवढी सवलत मिळाली नसेल. अटी दोन. खऱ्या नावाने लिहायचं नाही, आणि रोज दुसऱ्या दोघांचं लेखन वाचून त्यावर किमान पाच ओळी लिहायच्या. ‘छान’, ‘अप्रतिम’ आणि जोडलेल्या हातांचं चित्र धरलं जाणार नाही.

ग्रंथपाल बाईंनी नोंदणीचं रजिस्टर पुढे केलं. टोपणनावाच्या रकान्यात मी ‘सम्राट’ लिहिलं. बाईंनी माझ्या ग्रीसने काळ्या झालेल्या बोटांकडे पाहिलं.

“म्हणजे कष्टकऱ्यांच्या जगाबद्दल लिहिणार का?” त्यांनी कौतुकाने विचारलं.

“छे. साम्राज्याबद्दल.”

बायकोला संध्याकाळी सांगितलं. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. बोलतेही अहवालासारखी, नेमकं आणि थोडं.

“किती राजे?”

“सात.”

“काम काय त्यांना?”

“लढाया.”

“दमतील,” ती म्हणाली. “आणि सम्राट, उद्या येताना दूध आणा.”

पहिले चार दिवस मी झपाटल्यासारखं लिहिलं. सात राजे, त्यांच्या तीनशे चाळीस वर्षांच्या वंशावळी, चौदा सेनापती, एक शापित तलवार. दुसऱ्यांच्या लेखनावरच्या पाच-पाच ओळीही न चुकता लिहिल्या. वाचायला मात्र सवड झाली नाही. राज्य चालवणाऱ्याला वाचायला कुठे वेळ असतो?

पाचव्या दिवशी प्रश्न आला, ‘तुमच्या जगातलं एखादं घर दाखवा.’ मी नऊशे खांबांचा राजवाडा दाखवला. दुपारपर्यंत खाली ‘धुकेकर’ नावाच्या कुणाच्या मोजून पाच ओळी आल्या. ‘सम्राट, नऊशे खांब वाचले. सात राजे, चौदा सेनापती, बावीस राण्या, चाळीस हजारांचं सैन्य. या सगळ्यांचे संडास कुठे आहेत? टोमणा नाही, खरीच शंका आहे. माझ्या जगातला टपालवाला म्हातारा आहे, नव्या जागी गेला की त्याला आधी तेच बघावं लागतं.’

मी ते बायकोला वाचून दाखवलं. तिने माझी बाजू घ्यावी अशी अपेक्षा होती. ती हसून हसून पलंगावर बसली.

“माणूस हुशार आहे,” ती म्हणाली.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. ठरवलं, या धुकेकराचं जग वाचायचं आणि त्याची सालपटं काढायची. दुसऱ्या दिवशी एका दहा मजली इमारतीत दोर बदलायचे होते. दोर घातले, चाचणी लावली आणि मशीनच्या खोलीत डबा उलटा ठेवून, कानाला पेन्सिल लावून वाचायला बसलो.

धुकेकराचं जग म्हणजे एका डोंगरावरचं गाव. तिथे कायम धुकं. डोळ्यात बोट घातलं तरी दिसायचं नाही इतकं. माणसं एकमेकांना खोकल्यावरून ओळखतात. पाहुणा यायचा असला की भांड्यावरचं झाकण काढून ठेवतात, म्हणजे वासावरून त्याला घर सापडावं. भांडण झालं की झाकण घालतात. दोन शेजाऱ्यांनी अकरा वर्षं झाकणं घातलेली होती. ‘पाणी कुठून येतं?’ या प्रश्नावर बाकी सगळ्यांनी नद्या, धरणं, जादूचे झरे असं काय काय लिहिलेलं. धुकेकराने लिहिलं होतं, ‘पाणी येत नाही, असतंच. पंचाईत कोरडं राहण्याची आहे.’ आणि मग पानभर एकच गोष्ट. एक आई बाळाचे कपडे सुकवते कशी, तर आळीपाळीने स्वतःच्या अंगाशी गुंडाळून, अंगाच्या उबेने.

मी ते पान दोनदा वाचलं. खालून रखवालदार ओरडत होता, “अहो, लिफ्ट आहे का गेली?” मी म्हटलं, “चाचणी चालू आहे.” खोटं नव्हतं.

पण सालपटं काढायची प्रतिज्ञा होती, तेव्हा खोट शोधणं भाग होतं. सापडली. टपालवाला एक पत्र घेऊन सगळ्यात वरच्या घरी शहाण्णव पायऱ्या चढून जात होता, एका दमात. मी लिहिलं, ‘शहाण्णव पायऱ्यांचा सलग जिना कुठलाही शहाणा माणूस बांधत नाही. दर बारा पायऱ्यांनी टप्पा हवा. दगड ओला आहे, कठडा कुठे आहे? तुमचा टपालवाला आठवडाभरात पाय घसरून जायचा. मग पत्रं कोण वाटणार?’

लिहून बरं वाटलं. आता चरफडू दे म्हटलं.

धुकेकर चरफडला नाही. दुसऱ्या दिवशी जिन्याला सात टप्पे आले, आणि प्रत्येक टप्प्यावर काहीतरी आलं. तिसऱ्यावर एक बाई विणत बसलेली, जिला आपण कुठला रंग विणतोय ते माहीत नाही. पाचव्यावर दगडी बाक, आणि त्यावर ते अकरा वर्षं भांडलेले दोघे शेजारी शेजारी दम खात बसलेले, खोकला दाबून, एकमेकांना कळू नये म्हणून. माझ्या एका खोडीतून त्याने सात जागा उभ्या केल्या होत्या. खाली एक ओळ होती, ‘कठड्याबद्दल टपालवाल्याकडून सम्राटांना नमस्कार.’

त्या दिवशी मला बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ‘या, बसा’ म्हटलं.

मग मी बाकीच्यांचंही खरोखर वाचू लागलो. ‘बटाटा’ नावाच्या एकाच्या जगात खोटं बोललं की माणसाचं वजन वाढत होतं. त्याला मी सुचवलं, लिफ्टमध्ये पाटी लाव, ‘सहा माणसं किंवा एक पुढारी’. दुसऱ्या एकीच्या गावात घरं दरवर्षी एक पाऊल सरकत होती. मी साधं विचारलं, सांडपाण्याच्या नळांचं काय? तिने चार दिवस डोकं खाजवलं आणि नळ जोडणाऱ्यांची एक आख्खी जमात जन्माला घातली, त्यांच्या भांडणांसकट आणि गाण्यांसकट. लोक मला बोलावू लागले. ‘सम्राट, जरा आमचा पूल बघता का?’ ‘सम्राट, उडत्या घरात विहीर चालेल का?’ मी डबा खाता खाता जगं तपासत होतो. काय एकेकाची डोकी! ही माणसं रस्त्याने आपल्याच बाजूने चालत असतात, पण कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं.

माझ्या साम्राज्यात नवव्या दिवशी दोन राजे लढाईला निघाले होते. ते चालतच राहिले. पोचले का, हे मला कुणी विचारलं नाही. मीही त्यांना विचारलं नाही.

बाविसाव्या दिवशीचा प्रश्न होता, ‘तुमच्या जगात लोक मेल्यावर कुठे जातात?’ पटापट उत्तरं आली. आकाशातले महाल आले, पाताळातल्या नद्या आल्या. धुकेकराचं पान कोरं राहिलं. दुसऱ्या दिवशीही कोरंच. मी खासगी निरोप पाठवला, ‘टपालवाला चौथ्या टप्प्यावर उभा आहे, पाय दुखत असतील.’

उत्तर आलं, ‘मेल्यावर काय, ते सुचत नाही. जे सुचतं ते खोटं वाटतं. जग इथेच बंद करावं म्हणते.’

‘म्हणते’ वाचून मी चमकलो. मागची सगळी पानं चाळली. तेवीस दिवसांत स्वतःबद्दल असं एकही क्रियापद वापरलेलं नव्हतं. बाई आहे की पुरुष, हेही धुक्यात. आणि आज ते चुकून सुटलं होतं.

मी तेव्हा एका दवाखान्याच्या लिफ्टच्या खड्ड्यात, हातात पाना घेऊन उभा होतो. जे डोक्यात आलं ते अंगठ्याने टाइप केलं. ‘मला मरणातलं काही कळत नाही. पण तुमच्या गावात मेलेला माणूस आणि उशीर झालेला माणूस यांतला फरक कळायचा कसा? नाहीच कळणार. मग लोक झाकण काढूनच ठेवत असतील.’ पाठवलं आणि कामाला लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकेकरांचं पान आलं. माझं वाक्य जवळपास जसंच्या तसं होतं, अगदी शेवटी. आणि सगळीकडे हाहाकार उडाला. बटाट्याने पंधरा ओळी लिहिल्या. ग्रंथपाल बाईंनी लिहिलं की डोळे पुसून मग कामावर आल्या. नियमाप्रमाणे मलाही पाच ओळी लिहायच्या होत्या. आता स्वतःच्याच वाक्याचं कौतुक कोणत्या तोंडाने करायचं? मी स्वल्पविरामांचं केलं.

पण खरं सांगायचं तर ते वाक्य आता माझं राहिलं नव्हतं. त्याच्या आधी त्यांनी एक बाई लिहिली होती. जिन्यावर कुणी खोकलं की ती ताट मांडते, पावलं पुढे निघून गेली की ताट उचलून, पुसून, परत फळीवर ठेवते. आणि रोज एकच ताट झिजत चाललंय हे तिच्या बोटांना कळतं. हे मला सात जन्मांत सुचलं नसतं. माझं वाक्य म्हणजे खिशातला सुटा स्क्रू होता. लागला कुठे, ते त्यांना माहीत.

बत्तिसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, वाचनालयाच्या सभागृहात सगळे जमले. छातीवर टोपणनावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या. बटाटा दातांचा डॉक्टर निघाला, सडपातळ. धुकेकर म्हणजे पन्नाशीच्या, चहाच्या वाफेने चष्मा पांढरा झालेल्या एक बाई.

“सम्राट?” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, इतिहासाचे निवृत्त मास्तर असाल.”

“मला वाटलं, तुम्ही प्राध्यापक असाल. पुरुष.”

“मी रुग्णालयाच्या धुलाईघरात असते. दिवसभर वाफ. समोरची बाई दिसत नाही, खोकल्यावरून ओळखायची. मी आपलं आहे ते लिहिलं,” त्या हसल्या, “आणि लोक म्हणतात, काय कल्पनाशक्ती!”

बाविसाव्या दिवसाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. आम्ही शेजारी बसलो आणि कठड्याची उंची किती हवी यावर बोललो.

पहिलं बक्षीस ‘गरुडझेप’ यांना मिळालं. त्यांनी जगाचा रंगीत नकाशा जोडला होता आणि महिनाभर प्रत्येकाला ‘कल्पना उत्तम, मांडणी सुरेख, पुढील लेखनास शुभेच्छा’ हे एवढंच पाच ओळींत तोडून पाठवलं होतं. भाषणात ते म्हणाले, “मी कुणाचंही काही वाचलं नाही. उगाच प्रभाव पडतो.” टाळ्या झाल्या.

मग सर्वोत्तम वाक्याचं बक्षीस. धुकेकर मंचावर गेल्या, माइक हातात घेतला आणि सरळ म्हणाल्या, “हे वाक्य माझं नाही. सम्राटांचं आहे.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. ग्रंथपाल बाई पुढे सरसावल्या.

“बघा, याला म्हणतात विनय! स्वतःचं श्रेय दुसऱ्याला देऊन टाकलं. आणि कुणाला? ज्यांचं जग नवव्या दिवशीच थांबलं त्यांना! त्यांना प्रोत्साहन मिळावं म्हणून!”

“अहो, नाही, खरंच त्यांनी...” धुकेकर सांगू लागल्या, पण तोवर माइक बाईंच्या हातात गेला होता आणि फुलांचा गुच्छ धुकेकरांच्या. मी अर्धवट उठलो. उठून म्हणणार काय? होय, माझंच आहे? बसलो.

बटाटा माझ्या कानाशी लागला. “काय मोठ्या मनाची बाई आहे!”

“आहेच,” मी म्हणालो.

मला सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं. त्यावर ‘समाट’ असं छापलं होतं. घरी येताना मी स्वतःला चाचपून पाहिलं, कुठे दुखतंय का. दुखत होतं थोडं, नाही कशाला म्हणू. पण दाढ काढल्यावर दुखतं तसं, आपलं आपल्यालाच जीभ लावून बघावंसं.

दुपारी जेवताना बायकोला सगळं सांगितलं. बक्षिसाचा भाग तिने एका कानाने ऐकला.

“ते जाऊ द्या. त्या पत्राचं काय झालं?”

“कुठल्या?”

“शहाण्णव पायऱ्यांवरच्या घराचं पत्र! एकतिसाव्या दिवशीसुद्धा टपालवाला जिन्यातच आहे. मी रोज वाचत होते, नमुने यंत्रात फिरत असताना. तुम्ही विचारलंत ना त्यांना?”

“नाही.”

“दोन तास त्यांच्या शेजारी बसलात! बोललात काय मग?”

“कठड्याबद्दल.”

बायकोने कपाळावर हात मारला. खरकट्या हाताने नव्हे, डाव्या. मग हात धुऊन माझा फोन घेतला, चष्मा लावला आणि धुकेकरांना पाच ओळी लिहिल्या. मला दाखवल्या नाहीत. दहा मिनिटांत उत्तर आलं, ते मात्र तिने मोठ्याने वाचलं. ‘पत्र कुणी लिहिलंय, तेच अजून ठरलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं, ताई?’

बायकोने प्रयोगशाळेची जुनी वही काढली, कोरं पान शोधलं आणि मला म्हणाली, “भांडी तुम्ही घासा. आणि आवाज करू नका.”