शालीची वेगळी खोली

“नवं काही आणशील तेव्हा त्याला त्याची वेगळी खोली दे. जुन्याला उठवून त्याच्या जागी बसवू नकोस, छोटे.” सासरी परतताना कॉम्प्युटरवर हात ठेवून ताई एवढंच सांगून गेली होती. छोटीनं “हो गं बाई” म्हणत मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं!

त्या कॉम्प्युटरला आईचं विणायचं मशीन जोडलेलं होतं. ताईनं कॉलेजात असताना लिहिलेला प्रोग्रॅम कागदावरचं चित्र टाक्यांत मोजायचा आणि कुठली सुई पुढे, कुठली मागे, ते मशीनला सांगायचा. आता त्यावर ताईच्याच बाळाची शाल होत होती. तिकडे सासरी डॉक्टरांनी ताईला पलंगावरून उठायची मनाई केली होती. बाळ कधीही येईल, अशी वेळ. “पहिल्यांदा त्याला गुंडाळायचं ते माझ्याच शालीत,” असा शब्द आईनं तिला दिला होता.

तेवढ्यात छोटीला घरून करायची नोकरी लागली. कामाला प्रोग्रॅमिंगच्या भाषेची नवी आवृत्ती हवी होती. तिनं जुनी काढून टाकली आणि साऱ्या कॉम्प्युटरला मिळून एकच नवी बसवली. ताईचा प्रोग्रॅम जरा कुरकुरला. छोटीनं त्यातल्या चार ओळी बदलल्या, तो मुकाट चालू लागला, आणि ही आपल्या कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं विणीवरून बोटं फिरवली आणि मशीन थांबवलं.

“इकडे ये गं. हे फूल मान वाकडी करतंय.”

“सुई वाकली असेल.”

“सुया सकाळीच पुसल्यात मी. खालची फुलं बघ, कशी सरळ उभी आहेत. वरची तुझ्यासारखी, एका पायावर.”

छोटीनं निरखून पाहिलं. वरच्या फुलांच्या काही पाकळ्या एकेक टाका आत सरकल्या होत्या. प्रोग्रॅमची तर कसलीच तक्रार नव्हती. ताईला त्रास नको, नको म्हणत शेवटी तिनं फोन लावलाच.

सगळं ऐकून ताई हसली. “चित्र मोजताना अर्धा टाका आला की जुनी आवृत्ती तो नेहमी पुढच्या पूर्ण टाक्यात ढकलते. नवी जवळचा सम आकडा धरते, म्हणून कधी पुढे, कधी मागे. चालला म्हणजे बरोबर चालला, असं नसतं बाई.”

“रागावलीस?”

“पडल्या पडल्या रागवायचीसुद्धा बंदी आहे. जुनी परत आण, नवीलाही राहू दे. माझ्या चार ओळी होत्या तशा कर, आणि दोघींना आपापली खोली दे.”

छोटीनं तसंच केलं. शालीचं एक फोल्डर, त्यात जुनी आवृत्ती आणि तिच्या वेळचं सगळं सामान. ऑफिसचं दुसरं, त्यात नवी. एकीतलं दुसरीला दिसू नये, असं दार लावून घेतलं.

आई मागे उभी राहून बघत होती. “म्हणजे एका घरात दोन चुली?”

“तसंच.”

“चांगलंय की. तुम्हा दोघींना एक कपाट होतं तोवर रोज रडारड. दुसरं आणलं आणि तू तिच्या गळ्यात पडायला लागलीस.”

उरलेल्या लोकरीवर एक फूल विणून पाहिलं. सरळ आलं. आईनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, आणि मग तिची नजर शालीवरच्या वाकड्या फुलांकडे गेली. उसवायला तिची बोटं आता वळत नव्हती.

“उसवायचं माझ्याकडे,” छोटी म्हणाली. “धागा तुटू देणार नाही. उसवून झालं की तू फक्त पुढचं विण.”

“तुला धीर कुठला गं?”

छोटीनं कॉम्प्युटरवरच्या ऑफिसच्या खोलीचं दार तेवढ्यापुरतं मिटलं, खिडकीपाशी बसून शाल मांडीवर घेतली, धाग्याचं टोक शोधलं आणि अगदी हलक्या हातानं पहिला टाका सोडवला.