बत्तीस घरांत एक लाल ठिपका

२०२४ सालच्या फेब्रुवारीत कर्वेनगरातल्या त्या सोसायटीत घरटी पाण्याची मीटर बसली. मार्चपासून दर सोमवारी लिफ्टशेजारी तक्ता लागू लागला. आठवड्याचा वापर घरातल्या माणसांच्या हिशोबाने ठरवलेल्या मर्यादेच्या आत असेल तर हिरवा ठिपका, वर गेला तर लाल. बत्तीस घरांत श्यामलाबाईंचा तेवढा सलग तीन आठवडे लाल.

श्यामलाबाईंना त्या तक्त्याची शिसारी आली. घरात माणसं दोन, त्या आणि नवरा अनंतराव, दोन्ही सत्तरीपुढची, आणि वापर पाच माणसांच्या घराइतका. जन्मभर शाळेत दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल शाई फिरवली, आता शेरा आपल्याच कपाळी. वर सेक्रेटरी अनिरुद्धने लिफ्टमध्ये तोंडातला पानमसाला सावरत हसून विचारलं, "काकू, घरी रोज अभिषेक असतो का?" त्यांनी पदर नाकाला लावला.

दोष कोणाचा, याची त्यांना शंका नव्हती. बारा वर्षं धुणीभांडी करणारी वेणूबाई नळ सोडून भांडी विसळायची. श्यामलाबाई तिच्या पाठीशी उभ्या राहू लागल्या, धार जरा मोठी दिसली की हात घालून नळ बंद करू लागल्या. वेणूबाईने सोसलं. चौथा ठिपका लाल आला तेव्हा त्यांनी तिला सांगितलं, तुझ्यामुळे आमची शोभा झाली, उद्यापासून येऊ नकोस.

वेणूबाईने पदराला हात पुसले. "माझ्या घरी दिसाआड पानी येतंय, काकू. पानी सांडायची माझी ऐपत न्हाई." एवढं बोलून ती गेली.

पुढच्या सोमवारी ठिपका लालच होता.

"आता कोणाला काढायचं?" अनंतरावांनी चष्मा पुसत विचारलं. "मीच उरलोय."

मग तेच अनिरुद्धकडून रोजचे आकडे घेऊन आले. वापर दररोज एकाच वेळी उसळत होता, सकाळी साडेसहाला.

साडेसहाला श्यामलाबाई मोरीतलं पिंप उपडं करत आणि पुन्हा काठोकाठ भरत. पानशेतचं धरण फुटून पुण्याचे नळ बंद पडले तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. पाण्यावाचूनचे ते दिवस संपल्यावर आईने पिंप कधी रिकामं ठेवलं नाही. रात्र उलटलेलं पाणी शिळं, त्याची किळस आईचीच. पण आई ते पाणी झाडांना घालायची. यांनी ते चाळीस वर्षं मोरीत सोडलं होतं. तेही चोवीस तास नळ असलेल्या घरात.

आता किळस आली ती स्वतःची. त्या वेणूबाईला शोधत निघाल्या. ती अनिरुद्धच्याच घरी कामाला लागली होती. जिन्यात गाठून त्या म्हणाल्या, "चुकलं माझं. परत ये."

"पिंपाचं ठावं हुतं मला," वेणूबाई म्हणाली. "बारा वर्सं बघत हुते. सांगितलं असतं तर म्हनला असता, कामवाली तोंड वर करून बोलते."

 श्यामलाबाई तसंच म्हणाल्या असत्या.

वेणूबाई परत आली नाही. वर्षभराने ती लेकाकडे हडपसरला राहायला गेली. अनिरुद्ध अजून सेक्रेटरी आहे आणि अजून तसाच हसतो. पिंप भंगारात गेलं, ठिपका हिरवा झाला. अनंतरावांनी तो जेमतेम सहा-सात महिने पाहिला, त्या दिवाळीत ते गेले. श्यामलाबाई आता एकट्याच असतात, भांडी स्वतः घासतात. दुसरी बाई ठेवा म्हणून तनया, त्यांची मुलगी, फोनवर सांगत असते. त्या विषय बदलतात.