साडेअठरा न्यूट्रॉन

नववीच्या वर्गावर विज्ञानाच्या सरांचा वचक होता, आणि तो त्यांना मनातून आवडायचाही. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर अणू काढला. मध्ये केंद्रक, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, भोवती इलेक्ट्रॉन.

"वजनाला इलेक्ट्रॉन धरायचेच नाहीत, इतके ते किरकोळ. प्रोटॉन मोजा, न्यूट्रॉन मोजा, बेरीज करा, झालं. सोडियमचे अकरा आणि बारा. किती?"

"तेवीस!" वर्ग ओरडला.

खिडकीजवळच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. सारखं काही ना काही विचारते म्हणून पोरं तिला शंकासुर म्हणत. "सर, भिंतीवरच्या मूलद्रव्यांच्या तक्त्यात क्लोरीनचं वजन साडेपस्तीस लिहिलंय. प्रोटॉन सतरा. मग न्यूट्रॉन साडेअठरा? अर्धा न्यूट्रॉन कसा असेल?"

सरांनी तक्त्याकडे पाहिलं. खरंच की! उत्तर कधीकाळी पाठ होतं, आता जिभेवर येईना. चाळीस पोरं तोंडाकडे बघत होती.

"अर्धं आहे ते तुझं डोकं," सर म्हणाले. "बस खाली."

वर्ग खो खो हसला. मुलगी बसली. तिचे कान लालबुंद झाले होते.

तास संपल्यावर सरांनी कपाटातून कॉलेजचं जुनं पुस्तक काढलं. क्लोरीनचे अणू दोन प्रकारचे. चारांतले साधारण तीन पस्तीसचे, एक सदतीसचा. तक्त्यातला आकडा त्यांची सरासरी. एवढंसं उत्तर! दुसऱ्या दिवशी त्यांनी ते शिकवलं खरं, पण "काल कुणीतरी विचारलं होतं" एवढ्यावरच भागवलं. खिडकीकडे बघायचंही टाळलं.

पंधरा दिवसांनी पालकसभा होती. मुलीची आई नर्स. ड्यूटीवरून तशीच गणवेशात आली आणि बसायच्या आतच म्हणाली, "सर, पोरगी फार डोकं खाते ना तुमचं? दम दिलाय मी तिला. राग मानू नका."

धरणीनं पोटात घ्यावं असं सरांना झालं. "ताई, तिचं काही चुकलं नाही. मला उत्तर येत नव्हतं. ते झाकायला मी वर्गासमोर तिची टर उडवली."

आई आता खुर्चीवर बसली. "मग मला कशाला सांगताय? हसणारी पोरं तर वर्गात होती."

दुसऱ्या दिवशी सरांनी भर वर्गात सगळं सांगितलं. मागून कुणीतरी फिसकन हसलं; सरांनी हसू दिलं. "माझं चुकलं, बाळा," ते मुलीला म्हणाले.

"असू दे, सर." तिनं मान वर केली नाही.

वार्षिक परीक्षेत ती विज्ञानात पहिली आली. सरांना मात्र तिनं पुन्हा काही विचारलं नाही. काही अडलं की ती ग्रंथालयात जाऊन बसायची. तिथल्या बाईंनी हे सरांना मोठ्या कौतुकानं सांगितलं. "तुमची विद्यार्थिनी ना? चांगली गोडी लावलीत हो!"

सरांनी हातातलं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि बाहेर पडले.