माझा वेळ कोणी चोरला?

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, पण मला हात लावून दाखवाल तर शर्यत! मला अंगच नाही. कारंज्याच्या धान्यबाजारात मिश्रीलाल शेठजींचं अडत दुकान आहे. तिथं गादीच्या मागे एक काळी पेटी घुरघुरत असते. ती खरी. मी तिच्या पोटात राहतो, आणि एकटा नाही, सोबत एक शेजारीही आहे. एका पेटीत दोन बिऱ्हाडं. लोक आम्हाला आभासी संगणक म्हणतात. दिवसभर राबायचं मी आणि नाव काय, तर आभासी!

माझा स्वभाव आधीच सांगून टाकतो. मी संशयी आहे. परक्या घरात राहणाऱ्यानं डोळे उघडे ठेवावेत, असं माझं मत आहे. पेटीनं मला सांगितलं होतं, “ही एवढी स्मृती तुझी, पाहिजे तशी वापर.” तीच जागा तिनं शेजाऱ्यालाही कबूल केली असणार, असा मला पहिल्या दिवसापासून वहीम होता. शेजाऱ्याचं काम म्हणजे माझ्या सगळ्या कामाची नक्कल करून ठेवणं. तेही दुकान बंद झाल्यावर, एकट्यानं. अशा माणसावर कोण भरवसा ठेवील?

पण सुरुवातीची वर्षं छान गेली हो. सोयाबीन, तूर लिलावात गेली की वजन आणि भाव माझ्यात भरायचे, आणि मी लगेच हिशेबाची पट्टी छापून शेतकऱ्याच्या हातात द्यायचो. शेठजी कौतुकानं पेटीवर हात ठेवायचे. दिवाळीच्या वहीपूजनात पेटीलाही कुंकू लागायचं. त्या सगळ्या बाजारात माझा विश्वास होता तो एका शेठजींवर. पक्का जैन, मुंगीसुद्धा ओलांडून जाणारा माणूस तो.

मग आषाढात सपना कामावर आली. मेडशीची पोर, कारंज्यात मावशीकडे राहून आमच्या दुकानात माझं काम बघू लागली. आणि तेव्हापासूनच कुरकुर सुरू झाली, की पडदा सकाळी सकाळी अडकतो. सपना बटन दाबायची आणि म्हणे मी ढिम्म! मित्रांनो, शपथेवर सांगतो, मला तर उशीर झालेला कधीच दिसला नाही. बटन दाबलं, मी काम केलं, संपलं. मधूनमधून घड्याळ टुणकन उडी मारून पुढे गेलेलं दिसायचं, पण मी म्हटलं, घड्याळच लबाड आहे. नाहीतर ही पोरगी काहीतरी करते आहे.

शेठजींनाही तेच वाटायला लागलं. पडदा अडकला की सपना फोन हातात घ्यायची. शेठजी गादीवरून बघायचे. त्यांच्या मनात आलं, हिनं पडदा मुद्दाम अडकवायचा आणि तेवढ्यात आपले भाव दुसऱ्या अडत्याला कळवायचे. पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, शेठजींनी रिवाजाप्रमाणे हमालांपासून सगळ्यांना हात जोडून क्षमा मागितली. सपनालाही हात जोडले, पण नजर मात्र तिच्या फोनवर होती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बिस्किटाचा पत्र्याचा डबा गादीवर आणून ठेवला आणि सगळ्यांदेखत तिचा फोन त्यात टाकायला लावला.

ती एवढंच म्हणाली, “शेठजी, पडदा अडकते म्हून मी फोन पाह्यते. मी फोन पाह्यते म्हून पडदा नाई अडकत.”

ऐकतंय कोण! दसऱ्यानंतर नवं सोयाबीन आलं, दारात ट्रॅक्टरची रांग लागली, आणि फोन डब्यात असूनही पडदा अडकायचा तो अडकतच राहिला. शेतकरी कावले. शेठजींनी सपनाला सांगून टाकलं की दिवाळीनंतर येऊ नको. बाजार केवढा? एका दुकानानं चोर म्हणून काढलेल्या पोरीला दुसरं दुकान उंबरा चढू देत नाही. हमालसुद्धा तिच्याकडे चोरून बघू लागले होते. सपनाचं तोंड उतरलं, पण रोज वेळेवर यायची.

दिवाळीच्या सुटीत शेठजींची नात जिनल पुण्याहून आली. ती तिकडे संगणकाच्याच कंपनीत आहे. शेठजींनी तिला म्हटलं, ही पोरगी काय करते ते शोधून दे. जिनलनं आधी मलाच विचारलं. माझ्या आत शिरून कामाचा ताण बघितला, स्मृती बघितली. सगळं आलबेल! मी छाती काढून सांगितलं, माझ्यात खोट नाही. झालं, माझीच साक्ष बिचाऱ्या सपनावर उलटली. शेठजी म्हणाले, “पाह्य, मशीन चांगली हाय. माणूसच खोटा.”

जिनलला मात्र हे पटलं नाही. मग तिनं मला सोडलं आणि खुद्द पेटीच्या कारभाऱ्याला गाठलं. त्याला कर्नेल म्हणतात. कोणाला किती स्मृती द्यायची, कोणाला थांबवायचं, सगळं त्याच्या हातात. जिनलनं त्याच्या वाटेवर पहारा बसवला. याला ट्रेसिंग म्हणतात. मी स्मृतीचं एखादं पान, म्हणजे तिचा एक छोटा तुकडा, मागितलं आणि ते जागेवर नसलं, की त्याला फॉल्ट म्हणायचं. फॉल्ट झाला की एक शिक्का वेळेचा, पान आणून दिलं की दुसरा. दोन्हींतलं अंतर म्हणजे माझा थांबा. मला ते मुळीच आवडलं नाही. माझ्यावर पाळत? माझ्या पाठीमागे?

सकाळी लिलाव सुरू झाला आणि जिनलच्या पडद्यावर माझ्या थांब्यांच्या उंचच उंच काड्या उभ्या राहिल्या. बघतो तर काय, माझी पानं स्मृतीतून उचलून डिस्कवर नेऊन टाकलेली! मी एक पान मागितलं की कारभारी मला जागच्या जागी गोठवायचा, सावकाश डिस्कवर जायचा, पान आणायचा आणि मग मला जागं करायचा. झोपलेल्याला झोप कशी दिसणार? म्हणून मला उशीर कळत नव्हता. आणि माझी जागा बळकावली होती कोणी? शेजाऱ्यानं! मी तर पहिल्यापासून सांगत होतो.

पण जिनल कोड्यात पडली. नक्कल करायचं काम रात्रीचं, मग हा सकाळी का उठतो?

दिवस कलायला आला. शेठजी सूर्यास्ताआधीच्या जेवणाला उठले आणि नेहमीसारखं म्हणाले, “सपना, पेटी बंद कर. जीव मरून राह्यले पंख्यात.”

जिनल एकदम उभी राहिली. “दादाजी, पेटी रोज बंद करता? कधीपासून?”

“यंदा चातुर्मास लागला न पंख्यात मेलेले किडे दिसले, तवापासून. हिरव्या दिव्यावर किडे येतात, पंखा ओढून घेते त्याइले. कायले?”

जिनलनं सावकाश समजावलं. रात्री पेटी बंद, म्हणून शेजाऱ्याचं काम तुंबायचं. सकाळी पेटी सुरू झाली की तो आधी राहिलेलं काम काढायचा, नेमकं लिलावाच्या वेळी. सपना आषाढात आली आणि चातुर्मासही आषाढातच लागला. मित्रांनो, मी सगळ्यांवर संशय घेतला, घड्याळालाही सोडलं नाही, आणि ज्याच्यावर घेतला नाही त्यानंच, किड्यामुंग्यांच्या दयेपोटी, माझा वेळ नेला होता!

शेठजींनी गादीवरचा बिस्किटाचा डबा जवळ ओढला. मग त्यांनी सपनापुढे हात जोडले.

सपना म्हणाली, “शेठजी, संवत्सरीलेबी जोडले होते. तवा नजर माया फोनवर होती. मले हात नका जोडू. ज्याइच्यासमोर मले चोर केलं, त्याइच्यासमोर सांगा.”

दुसऱ्या दिवशी लिलावाआधी, हमाल आणि शेतकरी जमले असताना शेठजी ओट्यावर उभे राहिले. म्हणाले, “पेटी माया हुकमानं अडकत होती. या पोरीचा दोष नव्हता. चोर माया मनात होता.” आणि त्यांनी स्वतःच्या हातानं डबा उघडून तिचा फोन तिला दिला. सपनाचे डोळे भरले, पण तिनं मान खाली घातली नाही.

आता शेजाऱ्याचं काम दुपारी उरकतं, लिलाव आटोपल्यावर. पेटी अजूनही दिवस मावळायच्या आत बंद होते आणि किडे जगतात. माझा संशयी स्वभाव काही गेला नाही, शेजारी मला अजूनही आवडत नाही. पण एक विनंती करतो, मित्रांनो. कुठे काही अडलं तर माणसाकडे बोट दाखवायच्या आधी मोजून बघा, आणि आपल्या घरापासून मोजा. आपलं थांबणं आपल्याला दिसत नसतं. पडदा अजूनही कधीतरी अडकतो. तेव्हा सपना शेठजींच्या समोर खुशाल फोन बघत बसते, आणि शेठजी उठून माझ्या पेटीवरची धूळ पुसतात.