डाव्या बाजूचा स्पीकर

क्लेमेंटचा मोठा भाऊ लेस्टर मुलीकडे मेलबर्नला कायमचा राहायला गेला, आणि जाताना आपला टर्नटेबल आणि चाळीसेक रेकॉर्ड धाकट्याच्या हवाली करून गेला. लेस्टर तरुणपणी बोटीवर होता, तेव्हा जपानहून आणलेलं ते यंत्र. मरोळ गावठाणातल्या क्लेमेंटच्या घरात हॉल तेवढा एकच, आणि त्यात टीव्हीभोवती पाच स्पीकरांचं होम थिएटर आधीच मांडलेलं. मुलगी जेनिस आणि जावई ॲश्टन यांनी आईवडिलांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला दिलेलं. त्यामुळे लेस्टरचे जुने स्पीकर आणि ॲम्प्लिफायर आले नाहीत, नुसता टर्नटेबल आला.

"दोन-दोन मशिनी मी इथे ठेवू देणार नाही," बायकोने, मेबलने, पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "घर आहे, दुकान नाही. जोडायचं असेल तर आहे त्यालाच जोड."

क्लेमेंटला त्यात अवघड काही वाटलं नाही. एकतीस वर्षं त्याने मरोळच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात मेंटेनन्स सांभाळला होता. बंद पडलेली प्रेस मशीन चालू करायची त्याची रीत ठरलेली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग बघायचं. जे बदलल्यावर फरक पडतो, तिथे बिघाड.

पहिल्या दिवशी रेकॉर्ड फिरली, पण आवाज डास गुणगुणावा इतकाच. मोबाइलवर शोधाशोध केल्यावर कळलं की सुईचा आवाज मुळातच फार बारीक असतो, तो आधी एका छोट्या डबीतून मोठा करून घ्यावा लागतो. जुन्या स्टिरिओत ही सोय आतच असायची, होम थिएटरच्या काळ्या रिसिव्हरमध्ये ती नव्हती. क्लेमेंटने डबी आणली. मग आवाज मोठा झाला, पण त्याच्याबरोबर 'घूंऽऽ' अशी घरघर सुरू झाली. टर्नटेबलची एक बारीक वायर नुसतीच लोंबत होती, ती डबीच्या स्क्रूला आवळल्यावर घरघर थांबली. इथवर त्याला मजाच येत होती.

तिसऱ्या दिवशी बँडची रेकॉर्ड लावली तर ट्रम्पेट सोफ्याच्या मागून ऐकू यायला लागला.

"हा माणूस माझ्या पाठीमागे उभा राहून वाजवतोय," मेबल मान न वळवता म्हणाली. "त्याला पुढे पाठव."

रिसिव्हर पाचही स्पीकरांना आवाज वाटत होता. रिमोटवरची अर्धी बटणं दाबून झाल्यावर क्लेमेंटला 'स्टिरिओ' सापडलं, आणि मागचे दोन आणि मधला गप्प होऊन पुढचे दोन स्पीकर उरले. तो समाधानाने खुर्चीत बसला. आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की डावा स्पीकर वाजतच नाहीये.

म्हणजे अगदीच बंद होता असं नाही. पण सगळा बँड उजवीकडे गोळा झाला होता, आणि डावीकडून यायला हवा तो ट्रम्पेट शेजारच्या घरात वाजावा तसा दबलेला. लेस्टरकडे ही रेकॉर्ड त्याने किती वेळा ऐकली होती. ट्रम्पेट डाव्या अंगाला खणखणीत वाजायचा.

त्याने टर्नटेबलच्या दोन वायरींची अदलाबदल केली. डावीची उजवीत, उजवीची डावीत. ट्रम्पेट उजवीकडे येऊन स्वच्छ झाला, पण डावी बाजू तशीच मुकी. म्हणजे टर्नटेबल ठीक. दुसऱ्या दिवशी त्याने स्पीकरच इकडचे तिकडे केले. डावी बाजू मुकीच. म्हणजे स्पीकर ठीक. मग उरला रिसिव्हर. त्याचा डावा भाग गेला असणार. त्याने गुडघ्यांवर बसून डाव्या स्पीकरला कान लावून बघितला, तर आतून आवाज धो धो येत होता. उठून खुर्चीत बसला, पुन्हा गप्प.

असं त्याने चार वेळा केलं. स्पीकरपाशी गेला की वाजतो, खुर्चीत आला की नाही.

"मेबल, जरा इथे बस," शेवटी त्याने तिला हाक मारली. "डावा वाजतोय का?"

ती पदराला हात पुसत येऊन बसली, घटकाभर ऐकलं. "वाजतोय की."

"नीट ऐक."

"नीटच ऐकतेय. दोन्ही वाजतात."

क्लेमेंटला वाटलं, हिला मासे तळायचे राहिलेत म्हणून बोलतेय. रविवारी चर्चमधून मिस्सा आटपून जेनिस आली तेव्हा त्याने तिला त्याच खुर्चीत बसवलं. डोळे मिटून ऐक म्हणाला. जेनिसने डोळे मिटले.

"मस्त आहे डॅडी. झकास."

"डावीकडून काय येतं?"

"ट्रम्पेट ना?"

"आणि तो स्पष्ट आहे?"

"एकदम." जेनिसने डोळे उघडून आईकडे बघितलं. मेबलने खांदे उडवले.

त्या दिवशी जेवताना तो दोघींचे चेहरे निरखत राहिला. आपल्याला बरं वाटावं म्हणून दोघी संगनमताने खोटं बोलतायत, असं एकदा त्याच्या मनात येऊन गेलं, आणि मग असं मनात आलं याचीच त्याला लाज वाटली. पण मग खरं काय? वायर बदलली, स्पीकर बदलले, सोमवारी उजव्या बाजूची चालू वायरसुद्धा ओढून डाव्या स्पीकरला लावून झाली. बदलण्यासारखं काही शिल्लकच राहिलं नव्हतं. एकतीस वर्षांत अशी मशीन त्याच्या हाताखाली आली नव्हती, जिच्यातला प्रत्येक भाग धडधाकट आणि मशीन मात्र बिघडलेली.

"आता उरलं काय, सांग मला," तो म्हणाला.

"हवा," मेबल म्हणाली. "पंखा बंद करून बघ."

त्याने पंखाही बंद करून बघितला.

मंगळवारी दुपारी सोफ्याच्या वरचे मागचे स्पीकर काढूनच टाकावेत, म्हणजे निदान गोंधळ तरी कमी होईल, या विचाराने त्याने जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली आणि टीव्हीकडे पाठ करून बसला. समोरच्या भिंतीवरच्या वायरी बघत होता. पाठीमागे रेकॉर्ड चालूच होती. आणि तो चमकला. डावा स्पीकर वाजत होता. अगदी स्वच्छ. उलट आता उजवा दबला होता.

बिघाड सरकला, असंच त्याला आधी वाटलं. तो लगबगीने उठून टीव्हीकडे वळला. डावा गेला, उजवा आला. पुन्हा सोफ्याकडे वळला. उजवा गेला, डावा आला. तो हॉलच्या मधोमध उभा राहून हळूहळू स्वतःभोवती फिरायला लागला, आणि आवाज त्याच्याबरोबर फिरायला लागला.

मेबल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "काय करतोस?"

"थांब."

त्याने डाव्या कानात बोट घातलं. काहीही फरक पडला नाही. बँड वाजत राहिला. मग ते बोट काढून उजव्या कानात घातलं. बँड कुठेतरी खोल विहिरीत पडल्यासारखा झाला. मेबलचे ओठ हलताना दिसले, शब्द आले नाहीत.

तो खुर्चीत बसला. मेबलने येऊन सुई उचलून ठेवली. सगळं बदलून बघितलं होतं, आणि फरक पडला होता तो फक्त ऐकणारा बदलल्यावर.

मरोळ नाक्याजवळ कानाच्या डॉक्टर होत्या, गार्गी नावाच्या, जेनिसपेक्षाही लहान. त्यांनी क्लेमेंटला काचेच्या पेटीसारख्या खोलीत बसवून कानांना टोप्या लावल्या, आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. उजव्या कानाला त्याने भराभर बटणं दाबली. डाव्याच्या वेळी तो बटणावर बोट ठेवून वाट बघत राहिला. त्याला वाटलं, चाचणी अजून सुरूच झाली नाही.

"डाव्या कानाची नस बरीच मंदावली आहे," डॉक्टरांनी कागदावरची घसरलेली रेघ दाखवली. "मशिनींचा आवाज असेल, वय असेल. एकाच बाजूला जास्त आहे म्हणून स्कॅन करून घेऊ." तो स्कॅन नंतर झाला आणि त्यात काही निघालं नाही, पण त्या दिवशी त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. "पण हे एका दिवसात झालेलं नाही. दोन-तीन वर्षं तरी झाली असतील. घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

प्रश्न मेबलला होता. ती पर्सचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"मला वाटलं, हा रागावलाय," ती म्हणाली.

क्लेमेंटने मान वळवून तिच्याकडे बघितलं. "कशाबद्दल?"

"तेच तर कळत नव्हतं."

रिक्षात ती सवयीने त्याच्या डावीकडे बसायला निघाली, आणि थांबून उजव्या दाराने आत जायला गेली. ते दार सळई लावून बंद केलेलं. मग तीच आधी चढून पार आत सरकली, तो तिच्या डावीकडे बसला. रस्त्यावर मेट्रोखाली गाड्या अडकल्या होत्या. जेवणाच्या टेबलाशी ती नेहमी त्याच्या डावीकडे बसायची, कारण स्वयंपाकघराचं दार तिथे. चर्चमध्येही डावीकडेच.

"तू बोलत होतीस?" त्याने विचारलं. "मला वाटलं, तूच हल्ली गप्प झालीस. म्हटलं, नसेल बोलायचं तर कशाला छळा."

"बोलत होते. मग बंद केलं. भिंतीशी किती बोलायचं?"

"हाताला धरून हलवायचंस ना."

"हलवलं असतं, पण तू मान हलवायचास. हो म्हणून. मी म्हटलं, ऐकलंय पण उत्तर द्यायचं नाहीये."

मान तो हलवायचा खरा. हॉलमध्ये, बाजारात, सगळीकडे. लोक काहीतरी म्हणतायत असं दिसलं की मान हलवायची, हे त्याने कधीपासून सुरू केलं, त्याला आठवेना.

"काय काय सांगितलंस असं?"

"आता कुठून आठवणार." मग ती पर्स मांडीवर ठेवून म्हणाली, "जोआनाचं लग्न मोडलं ते सांगितलं होतं."

"शेजारची जोआना? तिच्या लग्नात तर मी जेवून आलो."

"ते नंतर परत जुळलं."

"मोडलं होतं?"

"दोन महिने. तिच्या आईने आपल्या घरी येऊन रडून घेतलं. तू तिच्या समोर बसून मान हलवत होतास. ती म्हणाली, क्लेमेंटचं काळीज दगडाचं आहे."

क्लेमेंटला ते दृश्य आठवलं. बाई रडत होती हे आठवलं. तिचा नवरा आजारी आहे असं काहीतरी तेव्हा त्याने मनाशी धरलं होतं. नंतर दोनदा त्या माणसाची तब्येत विचारली होती, आणि तो माणूस चमत्कारिक बघायचा.

"तिला जाऊन सांगायला हवं," तो म्हणाला.

"काय सांगणार?"

 सिग्नल सुटला, रिक्षा हलली.

"आणखी काय सांगितलं होतंस?"

मेबल बोटांवर आठवायला लागली.